सेल्फ-हेल्पची पुस्तकं खरंच उपयोगी पडतात का? उत्तर शोधायला पैठणला जाऊ

पैठण म्हटलं की आधी पैठणी आठवते. मग जायकवाडीचं धरण, नाथसागरावर हिवाळ्यात उतरणारे पाहुणे पक्षी आणि फाल्गुनात नाथषष्ठीला पायी येणाऱ्या दिंड्या. सेल्फ-हेल्प हा शब्द मात्र पैठणच्या शेजारी कुणी ठेवत नाही. तो ऐकला की डोळ्यांसमोर येतो बसस्टँडवरचा पुस्तकांचा स्टॉल. श्रीमंत कसं व्हायचं, लोकांवर छाप कशी पाडायची, पहाटे पाचला उठून जग कसं जिंकायचं, अशी एकाखाली एक मांडलेली पुस्तकं, त्यातली बरीचशी इंग्रजीतून मराठीत आलेली. स्टॉलवर गेला नाहीत तरी बिघडत नाही. त्याच पुस्तकांतली वाक्यं रील होऊन दिवसातून दहा वेळा तुमच्यापर्यंत पोचतातच.

या पुस्तकांबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मतं आहेत. एक जण सांगतो, एका पुस्तकाने माझं आयुष्य बदललं. दुसरा म्हणतो, असली पुस्तकं वाचून फक्त ती लिहिणारा श्रीमंत होतो.

आपला प्रश्न साधा आहे. तीन-चारशे रुपये आणि आठवडाभराचा वेळ घालून असं पुस्तक वाचलं तर काही फायदा होतो का? होत असेल तर कुणाला? आणि उलटा त्रास कधी होतो?

याचं अर्धं उत्तर मानसशास्त्राच्या प्रयोगांत सापडतं. उरलेलं अर्धं पैठणच्या संत एकनाथांकडे आहे. सोळाव्या शतकातला हा माणूस. माणसाने स्वतःवर काम कसं करावं आणि ते करताना पाय कुठे घसरतो, यावर त्यांनी जे लिहिलंय ते आजच्या बेस्टसेलरच्या शेजारी ठेवून वाचलं की बरंच काही लक्षात येतं.

आधी त्या २१ दिवसांचं बघू

‘कुठलीही सवय २१ दिवसांत लागते.’ हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असणारच. ते आलं कुठून? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकेतले एक प्लास्टिक सर्जन होते. १९६० साली त्यांनी ‘सायको-सायबरनेटिक्स’ हे पुस्तक लिहिलं. त्यात त्यांचं एक निरीक्षण होतं, की चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झाल्यावर पेशंटला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस तरी लागतात. पुढे एका पुस्तकातून दुसऱ्यात जाताना यातला ‘किमान’ गळाला, शस्त्रक्रिया गळाली आणि उरला तो २१ हा आकडा. नव्या नाकाचा नियम पहाटे धावायला जाण्याला लागू झाला.

प्रत्यक्ष मोजून बघितलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २०१० साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात ९६ जण होते. प्रत्येकाने एक छोटी सवय निवडली. जेवणासोबत फळ खाणं, ठरलेल्या वेळी पाणी पिणं, थोडं धावणं, असलं काहीतरी. ती सवय आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. पण खरी गंमत सरासरीत नाही. कुणाचं काम १८ दिवसांत होईल असं दिसलं, तर कुणाला २५४ दिवस लागतील असं. आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही.

या एका आकड्याने किती फरक पडतो बघा. २१ दिवसांवर विश्वास ठेवलेला मुलगा बाविसाव्या दिवशी अंथरुणातून उठत नाही आणि ‘आपल्यात दमच नाही’ असं ठरवून मोकळा होतो. पुस्तकाने आकडा चुकीचा दिला होता हे त्याला कुणी सांगत नाही. दोष राहतो त्याच्याकडेच.

दुसरं उदाहरण आरशासमोर उभं राहून म्हणायच्या वाक्यांचं. मी यशस्वी आहे, मी सगळ्यांना आवडतो, वगैरे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड यांनी २००९ मध्ये याची परीक्षा घेतली. ज्यांचा स्वतःबद्दलचा आदर आधीच चांगला होता, त्यांना अशी वाक्यं म्हणून थोडं बरं वाटलं. ज्यांचा कमी होता त्यांना ती न म्हणणाऱ्यांपेक्षा वाईट वाटलं. ज्याला गरज नाही त्याला औषध लागू पडलं आणि ज्याला गरज आहे त्याचा ताप वाढला. कारण समजायला अवघड नाही. मनातून पटत नसलेलं वाक्य जोरात म्हटलं की आतून लगेच प्रत्युत्तर येतं: खोटं बोलतोयस.

तिसरा प्रयोग स्पर्धा परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. लिएन फाम आणि शेली टेलर या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना परीक्षेच्या आधी रोज काही मिनिटं कल्पना करायला सांगितली. एका गटाने आपल्याला उत्तम मार्क मिळालेत असं चित्र डोळ्यांसमोर आणायचं. दुसऱ्या गटाने आपण टेबलाशी बसलोय, पुस्तक उघडलंय, टीव्ही बंद केलाय, धडा वाचतोय असं चित्र आणायचं. १९९९ साली निकाल छापून आला. अभ्यासाचं चित्र पाहणाऱ्यांनी अभ्यास लवकर सुरू केला आणि त्यांना मार्कही जास्त पडले. निकालाचं चित्र पाहणाऱ्यांनी उलट अभ्यास कमी केला. लाल दिव्याची गाडी डोळ्यांसमोर आणण्यापेक्षा भूगोलाचं पुस्तक डोळ्यांसमोर आणलेलं बरं, असा त्याचा सरळ अर्थ.

मग या पुस्तकांत उपयोगी काहीच नाही का? आहे की. काही प्रकारच्या पुस्तकांचा फायदा तर मोजून सिद्ध झालेला आहे. डेव्हिड बर्न्स या मनोविकारतज्ज्ञांचं ‘फीलिंग गुड’ हे पुस्तक १९८० मध्ये आलं. त्यात कॉग्निटिव्ह थेरपी म्हणजे आपले विचार तपासून बघण्याची पद्धत सरावासकट दिलेली आहे. अमेरिकेतल्या फॉरेस्ट स्कॉगिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या लोकांना हे पुस्तक चार आठवडे वाचायला दिलं. ज्यांना अजून काहीच दिलं नव्हतं त्यांच्या तुलनेत वाचणाऱ्यांची तब्येत स्पष्टपणे सुधारली. इंग्लंडमध्ये तर २०१३ पासून सार्वजनिक वाचनालयांतून तज्ज्ञांनी निवडलेली अशी पुस्तकं देण्याची योजना चालू झाली. डॉक्टरने चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहायचं आणि पेशंटने ते वाचनालयातून घ्यायचं.

उपयोगी पडणाऱ्या पुस्तकांत एक साम्य दिसतं. ती वाचकाला पेटवत नाहीत, कामाला लावतात. वही काढा, काल काय झालं ते लिहा, त्यावर मनात काय आलं ते लिहा, ते खरं होतं का तपासा. वाचायला कंटाळवाणी असतात. रील तर त्यावर बनतच नाही.

अवधूताने २४ गुरू का केले?

आता पैठण. नाथांचा जन्म साधारण १५३३ चा, समाधी १५९९ ची. त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध ग्रंथ म्हणजे एकनाथी भागवत. संस्कृत भागवताच्या अकराव्या स्कंधावरची ही मराठी टीका. अध्याय ३१, ओव्या सुमारे १८ हजार ८००. पहिले पाच अध्याय पैठणला लिहून झाले, बाकीचे काशीत. १५७३ सालच्या कार्तिक पौर्णिमेला ग्रंथ पुरा झाला. संस्कृतातलं ज्ञान प्राकृतात का आणता, म्हणून काशीच्या पंडितांनी आधी विरोध केला आणि नंतर त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी हकीकत परंपरा सांगते.

या ग्रंथाच्या सातव्या ते नवव्या अध्यायात एक गोष्ट आहे. यदू नावाच्या राजाला एक अवधूत भेटतो. अंगावर धड कपडा नाही, घर नाही, पण माणूस आनंदात. राजा विचारतो, बाबा रे, हे तुला कुणी शिकवलं? अवधूत म्हणतो, माझे २४ गुरू आहेत. आणि यादी सांगायला लागतो.

यादी ऐकून राजाला काय वाटलं असेल देव जाणे. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य. इथपर्यंत ठीक. पुढे कबूतर, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, मध काढून नेणारा माणूस, हरीण, मासा. पिंगला नावाची वेश्या. चोचीतल्या मांसाच्या तुकड्यामुळे मार खाणारा पक्षी. लहान मूल, भात कांडणारी मुलगी, बाण घडवणारा कारागीर, साप, कोळी आणि कुंभारीण माशी. चोविसात एकही पंडित नाही.

आता यातले दोन गुरू शेजारी ठेवा. अजगर काय शिकवतो? धावाधाव करू नको, समोर येईल त्यात भागव. बाण घडवणारा काय शिकवतो? तो हातातल्या कामात इतका बुडालेला की रस्त्याने राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही. एक म्हणतो पडून राहा, दुसरा म्हणतो कामात बूड. आजच्या भाषेत एक पुस्तक ‘स्लो लिव्हिंग’चं आणि दुसरं ‘डीप वर्क’चं. दोन्ही एकाच यादीत, आणि अवधूताला त्यात काही अडचण वाटत नाही.

मधमाशीचं तर आणखी मजेशीर आहे. फुलाला धक्का न लावता थोडा थोडा रस घ्यावा, लहान-मोठ्या सगळ्या ग्रंथांतून सार घ्यावं, हे मधमाशीकडून शिकायचं. आणि साठवून ठेवलं की कुणीतरी येऊन सगळं पोळं घेऊन जातं, म्हणून साठवू नये, हेही मधमाशीकडूनच शिकायचं. एकाच गुरूकडून एक गोष्ट उचलायची आणि एक टाळायची. नाथांनी हा मुद्दा स्पष्ट करून सांगितलाय. काहींचा गुण घेतला म्हणून ते गुरू, तर काहींकडे बघून काय सोडायचं ते कळलं म्हणून तेही गुरू. दिव्यावर झेप घेणारा पतंग, गळाला लागणारा मासा, पिल्लांच्या मोहापायी जाळ्यात शिरणारं कबूतर हे सगळे दुसऱ्या प्रकारचे गुरू.

माझ्या मते सेल्फ-हेल्पचं पुस्तक कसं वाचावं याची इतकी चांगली पद्धत आजच्या कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. कारण प्रत्येक पुस्तकाला पंचविसावा आणि शेवटचा गुरू व्हायचं असतं. पहाटे उठायला सांगणारं पुस्तक म्हणतं, सगळ्या प्रश्नांचं मूळ उशिरा उठण्यात आहे. पैशाचं पुस्तक म्हणतं, मूळ नोकरीत आहे. सकारात्मक विचारांचं पुस्तक म्हणतं, मूळ तुमच्या विचारांत आहे. तिघांचंही पूर्ण ऐकणारा माणूस पहाटे चारला उठतो, नोकरी सोडतो आणि घरच्यांनी काळजी व्यक्त केली की त्यांना ‘निगेटिव्ह’ म्हणतो.

तोल सुटतो तो इथे. प्रत्येक पुस्तक आयुष्याच्या एका कोपऱ्यावर उजेड पाडतं आणि तेवढाच कोपरा म्हणजे घर असं भासवतं. अवधूताच्या हिशेबाने पहाटेचं पुस्तक हा एक गुरू. त्याच्याकडून झोपेची वेळ पाळायला शिका आणि बाकीचं त्याच्याकडेच राहू द्या. पैशाच्या पुस्तकाकडून खर्च लिहून ठेवायला शिका. नोकरी सोडायची की नाही ते त्याला विचारू नका.

बाणवाल्यावरून नाथांच्या स्वतःच्या आयुष्यातली एक प्रसिद्ध कथा आठवते. तरुणपणी ते देवगिरीवर, म्हणजे आजच्या दौलताबादच्या किल्ल्यावर, गुरू जनार्दनस्वामींकडे राहत होते आणि त्यांच्याकडे हिशेबाचं काम होतं. एकदा एका पैची चूक लागेना. रात्रभर दिव्याशी बसून त्यांनी ती शोधून काढली आणि आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढा आनंद, मग हेच लक्ष आणखी मोठ्या गोष्टीकडे लावलंस तर? कथेतली ओळ सगळ्यांना माहीत असते. मला त्यातली हिशेबाची वही जास्त महत्त्वाची वाटते. एकाग्रतेवरचं पुस्तक वाचून नाथ एकाग्र झाले नव्हते. ती सवय नेमून दिलेलं काम करता करता लागली होती.

आणखी एक गोष्ट. अवधूताची गोष्ट लिहिणारे नाथ स्वतः अवधूत नव्हते. घरात पत्नी गिरिजाबाई, मुलं, रोज पंगतीला पाहुणे, आणि वर कीर्तन, लेखन. मुलगा हरिपंडित मोठा विद्वान, पण वडिलांचं मराठीत सांगणं आणि सगळ्यांकडे जेवणं त्याला पटेना, म्हणून तो रागावून काशीला गेला, असं चरित्रकार सांगतात. स्वतःवर एवढं काम केलेल्या माणसाच्या घरातही बाप-लेकाचं पटत नव्हतं. सकाळची परिपूर्ण दिनचर्या दाखवणाऱ्या व्हिडिओत हा भाग येत नाही.

वाचलं किती आणि दाखवलं किती?

नाथांचं ‘चिरंजीवपद’ नावाचं एक छोटं प्रकरण आहे. जेमतेम चाळीसेक ओव्यांचं. भागवताइतकं ते प्रसिद्ध नाही, पण सोशल मीडिया वापरणाऱ्याने वाचावं असं नाथांचं काही असेल तर ते हेच.

विषय असा, की स्वतःला सुधारायला निघालेला माणूस घसरतो कुठे? सुरुवातीला तो आळसात किंवा चैनीत अडकतो, हे कुणीही सांगेल. नाथ त्याच्या पुढच्या टप्प्याबद्दल बोलतात. माणूस खरोखर सुधारायला लागतो, लोकांच्या ते लक्षात येतं आणि लोक त्याला मान द्यायला लागतात. धोका तिथून सुरू होतो.

तो कसा वाढतो ते नाथ पाच इंद्रियांच्या क्रमाने दाखवतात. आधी कानावर स्तुती येते. हा साधा माणूस नव्हे, हा तर अवतार, असं लोक म्हणू लागतात आणि ते ऐकायला गोड लागतं. मग लोक बसायला मऊ आसन देतात, पाय चेपतात. चांगली वस्त्रं आणून देतात. गोडधोड खाऊ घालतात. सुगंध लावतात. यातलं काहीच त्याने मागितलेलं नसतं. पण हळूहळू त्याला ते हवंसं वाटू लागतं, आणि ज्या साधनेमुळे मान मिळाला ती बाजूला पडून मान मिळवणं हेच काम होऊन बसतं. केवळ मानासाठी केलेल्या वैराग्याला नाथ खऱ्या वैराग्यात धरतच नाहीत.

आता आपल्याकडे या. नवीन पुस्तक आणलं की आधी चहाच्या कपाशेजारी ठेवून त्याचा फोटो. ‘७५ दिवसांचं चॅलेंज, दिवस पहिला.’ चार लोक वा म्हणतात, बरं वाटतं, आणि काम केल्याचं समाधान काम न करताच मिळून जातं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं. भावी वकील म्हणून मी अमुक मेहनत घेणार, हा इरादा ज्यांचा दुसऱ्या कुणाच्या नजरेस आला, त्यांनी नंतर प्रत्यक्ष मेहनत कमी घेतली. इरादा लोकांनी पाहिला की जणू आपण ते झालोच, असं वाटायला लागतं.

याच गॉलवित्झर यांचं दुसरं काम जास्त उपयोगाचं आहे. ‘मी व्यायाम करणार’ असं मोघम ठरवण्याऐवजी ‘संध्याकाळी कामावरून येऊन चप्पल काढली की बूट घालून बाहेर पडणार’ असं ठरवलं, म्हणजे कधी आणि कुठे हे आधीच बांधून टाकलं, तर ते घडण्याची शक्यता बरीच वाढते. एवढीच युक्ती. अनेक जाडजूड पुस्तकांतून शेवटी हातात येणारी उपयोगी गोष्ट एवढीशीच असते, आणि तेवढी मिळाली तरी पुस्तक वसूल.

धरण एकट्याच्या शिस्तीने भरत नाही

या पुस्तकांत एक गोष्ट हमखास गाळलेली असते. पैठणमध्ये उभं राहिलं की ती समोर दिसते. गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली, १९७६ मध्ये लोकार्पण. धरण पैठणला, पण त्यात येणारं बरंचसं पाणी नाशिक आणि नगर जिल्ह्यांतल्या पावसाचं. वरच्या धरणांतून खाली किती पाणी सोडायचं यावर तुटीच्या वर्षी भांडण ठरलेलं. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं, त्यावरूनही न्यायालयात खेटे झाले. आता खालच्या कालव्यावरचा एखादा शेतकरी पहाटे चारला उठतो, रोज डायरी लिहितो, मन सकारात्मक ठेवतो. त्याने शेत नीट सांभाळलं जाईल, नक्की. पण धरणातली पातळी त्याने वाढत नाही.

‘तुमचं आयुष्य शंभर टक्के तुमच्या हातात आहे’ या वाक्याचा त्रास तो हाच. ऐकताना हुरूप येतो. पण हरल्यावर त्याच वाक्याचा अर्थ होतो, की हरलास तो शंभर टक्के तुझ्यामुळे. राज्यसेवेच्या जागा शेकड्यांत असतात आणि अर्ज लाखांत येतात. सगळ्यांनी सारखीच मेहनत केली तरी बहुतेकांची निवड होणार नाही, हे साधं गणित आहे. पुस्तकं मात्र निवड झालेल्यांच्याच गोष्टी सांगतात, कारण राहिलेल्यांना भाषणाला कुणी बोलावत नाही. तेवढीच मेहनत करून मागे राहिलेला माणूस त्या पुस्तकात कुठेच नसतो, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं की असं फक्त आपल्याच बाबतीत झालं.

म्हणून पुस्तक वाचताना एक रेघ मारून घ्यावी. रेघेच्या अलीकडे माझ्या हातातलं: झोप, अभ्यासाचे तास, बोलण्याची पद्धत, खर्चाची वही. पलीकडे पाऊस, जागांची संख्या, घरची परिस्थिती, नशीब. चांगलं पुस्तक अलीकडच्या बाजूला मदत करतं आणि पलीकडच्या बाजूबद्दल गप्प राहतं. पलीकडचंही माझ्याच विचारांनी बदलेल असं सांगणारं पुस्तक सावकाश बंद करून ठेवावं.

आणि काही गोष्टी पुस्तकाच्या आवाक्यातल्याच नसतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालीय, कशातच मन लागत नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं असेल तर तो शिस्तीचा प्रश्न नाही. वर सांगितलेल्या नैराश्याच्या अभ्यासांतही आजार सौम्य ते मध्यम होता आणि लोकांची विचारपूस करायला कुणीतरी होतं. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. मराठीत वाचायचंच असेल तर डॉ. आनंद नाडकर्णींसारख्या मनोविकारतज्ज्ञांनी लिहिलेली पुस्तकं आहेत. पेशंटशी रोज बोलणाऱ्या माणसाने लिहिलेलं आणि सेमिनार घेणाऱ्याने लिहिलेलं यातला फरक दहा पानांत कळतो.

‘सेल्फ’ या शब्दाने केलेला घोटाळा

सगळ्यात शेवटी, ज्या पुस्तकामुळे हा शब्द जगभर गेला त्याच्याकडे वळू. ‘सेल्फ-हेल्प’ याच नावाचं पुस्तक सॅम्युएल स्माइल्स यांनी १८५९ साली लिहिलं. त्याआधीची हकीकत त्यांनी स्वतः प्रस्तावनेत दिली आहे. उत्तर इंग्लंडमधल्या एका गावातले दोन-तीन कामकरी तरुण हिवाळ्याच्या संध्याकाळी एकमेकांना शिकवायला जमू लागले. ज्याला वाचता येत होतं त्याने वाचायला शिकवलं, ज्याला गणित येत होतं त्याने गणित. एकाच्या घरात मावेनात म्हणून मग जागा शोधली. मिळाली ती एक कळकट खोली, जी आधी कॉलऱ्याच्या पेशंटसाठी वापरलेली होती. ती घ्यायला कुणी धजत नव्हतं. या मुलांनी घेतली. स्माइल्स तिथे जाऊन बोलू लागले, आणि त्या बोलण्यातून पुढे पुस्तक झालं.

पुस्तक गाजलं, पण नावामुळे लोकांनी ते ‘फक्त स्वतःचं बघा’ असं वाचलं. १८६६ च्या आवृत्तीत स्माइल्सना खुलासा करावा लागला, की स्वार्थाची स्तुती करायचा माझा हेतू नव्हता आणि नाव चुकलंच म्हणायचं. इतकी वर्षं झाली तरी गैरसमज चालूच आहे.

नाथांच्या पैठणमध्ये हा प्रश्न आलाच नसावा, कारण तिथे एकट्याने वाचायची सोयच नव्हती. भागवत ऐकायचं ते चारचौघांत. ‘विंचू चावला’ हे भारूड बघायचं तेही गर्दीत. विंचू म्हणजे आपलाच काम आणि क्रोध, हे हसता हसता कळायचं आणि शेजारचाही त्याच विंचवाने बेजार आहे हेही दिसायचं. स्वतःचा दोष एकट्याने पुस्तकात वाचला की लाज वाटते. तोच गावासोबत पाहिला की हसू येतं, आणि मग बोलताही येतं.

आज तालुक्याच्या बहुतेक गावांत अभ्यासिका असते, सार्वजनिक वाचनालय असतं. तिथली वर्गणी एका नव्या पुस्तकाच्या किमतीपेक्षा साधारण कमीच पडते. चौघांनी मिळून एकच पुस्तक घ्यावं. पंधरा दिवसांनी बसून प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगाव्यात: यातलं मी काय करून पाहिलं, आणि यातलं काय मला लागू नाही. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पुस्तक पुन्हा वाचायला घ्यावं.